कॅम्परव्हॅनमध्ये मायक्रोवेव्ह चालवायचाय? इन्व्हर्टर सगळ्यात शेवटी विकत घ्या

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगर घ्यायची, मागच्या सीट काढायच्या आणि पलंग, सिंक, छोटासा ओटा बसवायचा, असं करणारी कुटुंबं आता गोव्यातही दिसू लागली आहेत. ओटा झाला की पुढची मागणी ठरलेली असते: एक मायक्रोवेव्ह बसवूया. मागणी रास्त आहे. भर पावसात रात्री काणकोणला पोचलात आणि घरून आणलेलं हुमण नि भात गरम करायचा आहे, तर बंद गाडीत गॅस पेटवण्यापेक्षा मायक्रोवेव्ह कितीतरी बरा. शिवाय किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला गोव्यात कायद्याने मनाई आहे, त्यामुळे शेगडी बाहेर मांडायचा विचार सोडूनच द्यायला हवा.

मग माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "मायक्रोवेव्ह चालेल असा इन्व्हर्टर द्या." दुकानदार एक खोकं पुढे करतो. व्हॅनमध्ये ते जोडलं की मायक्रोवेव्हचा दिवा लागतो, काचेची थाळी फिरायला लागते आणि दोन सेकंदांत इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद पडतो. बरेचदा इन्व्हर्टरमध्ये काहीच बिघाड नसतो. बॅटरी, केबल किंवा लग (केबलच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) यांपैकी काहीतरी कमी पडलेलं असतं. म्हणून माझा आग्रह आहे की खरेदीचा क्रम बदला. मायक्रोवेव्हपासून सुरुवात करा, तिथून बॅटरी आणि केबल ठरवा आणि इन्व्हर्टर शेवटी घ्या. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे.

पायरी १: मायक्रोवेव्हच्या पाठीवरची पट्टी वाचा

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ७०० वॅट किंवा ८०० वॅट लिहिलेलं असतं. हा आकडा अन्नाला मिळणाऱ्या उष्णतेचा. मायक्रोवेव्ह प्लगमधून किती ओढतो, तो आकडा वेगळा आणि बराच मोठा असतो. तो पाठीमागे चिकटवलेल्या पट्टीवर 'इनपुट' किंवा 'पॉवर कंझम्प्शन' असा लिहिलेला सापडतो. २० लिटरच्या साध्या सोलो (ग्रिल-कन्व्हेक्शन नसलेल्या) मॉडेलमध्ये आउटपुट ७०० वॅट असेल तर इनपुट साधारण ११०० ते १२०० वॅट असतं. मधला फरक उष्णता होऊन यंत्रातच राहतो, म्हणूनच त्याचा पंखा सतत गरम हवा बाहेर फेकत असतो.

पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढचं सगळं गणित त्या एका आकड्यावर चालतं.

मायक्रोवेव्ह अजून घ्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: १७ ते २० लिटरचा, दोन गोल बटणांचा, फक्त सोलो. कन्व्हेक्शनचं मॉडेल व्हॅनसाठी नको, कारण त्याचा हीटर लागला की मागणी २००० वॅटच्या वर जाऊ शकते. ग्रिलचंही तसंच, वापरणार नसाल तर त्याचं ओझं कशाला वाहायचं? गोल बटणांच्या मॉडेलला घड्याळ नसतं, त्यामुळे ते बंद असताना काहीच ओढत नाही आणि हादऱ्यांनी बिघडण्यासारखं त्यात कमी असतं.

दोन गैरसमज इथेच दूर करू. पहिला म्हणजे 'इन्व्हर्टर तंत्रज्ञान' असं लिहिलेल्या मायक्रोवेव्हला वेगळा इन्व्हर्टर लागत नाही, हा. तो शब्द त्याच्या आतल्या सर्किटविषयी आहे. बाहेरून त्याला २३० व्होल्ट लागतातच. दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये पॉवर ५० टक्क्यांवर ठेवली म्हणजे तो अर्धीच वीज ओढतो असं नव्हे. तो काही सेकंद पूर्ण जोरात चालतो, काही सेकंद थांबतो, पुन्हा पूर्ण जोरात चालतो. आवाज नीट ऐकलात तर ते कळतं. म्हणजे 'कमी पॉवरवर ठेवून लहान इन्व्हर्टरवर भागवू' हा बेत फसणार. 'इन्व्हर्टर तंत्रज्ञान'वाल्या मॉडेलमध्ये मात्र पॉवर खरोखर कमी होते, आणि तेवढ्यापुरता त्याचा व्हॅनमध्ये फायदा आहे.

पायरी २: अँपिअर काढा

१२ व्होल्टच्या बॅटरीवर १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह चालवायचा आहे. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून त्याची कार्यक्षमता ८८ टक्के धरू. १२०० भागिले १२, भागिले ०.८८. उत्तर येतं जवळपास ११४ अँपिअर. बॅटरी भार घेताना थोडी जास्त व्होल्टवर असेल तर १०५, खाली आली असेल तर १२०. हिशेबाला ११० धरून चाला.

हा आकडा मोठा आहे. गाडीतल्या सिगरेट लायटरच्या सॉकेटला सहसा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे तिथून फार तर १५०-१८० वॅट मिळतात. तिथे लावायचा कोणताही इन्व्हर्टर मायक्रोवेव्ह चालवू शकत नाही, त्याच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

आता दुसरा हिशेब करा. चार माणसांचं खाणं, दोन वेळचं मिळून, दिवसाला १५ मिनिटं मायक्रोवेव्ह चालला असं धरू. १२०० वॅट गुणिले पाव तास म्हणजे ३०० वॅट-तास. इन्व्हर्टरची घट धरून ३४० च्या आसपास. १२ व्होल्टच्या बॅटरीतून २७-२८ अँपिअर-तास. हे काही फार नाही. फ्रिज दिवसभरात याहून जास्त खातो.

सगळी मेख या दोन आकड्यांत आहे. मायक्रोवेव्हला रोज लागतं घागरभरच पाणी, पण ते त्याला एका घोटात हवं असतं. त्यामुळे 'बॅटरी किती तास पुरेल' या प्रश्नाआधी 'बॅटरी एका वेळी किती अँपिअर देऊ शकेल' हा प्रश्न विचारायला हवा. घरच्या इन्व्हर्टरची सवय असलेल्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही, कारण घरी लाइट गेल्यावर पंखे-दिव्यांचा भार लहान असतो आणि चिंता फक्त तासांची असते.

पायरी ३: १२ की २४ व्होल्ट

जीप, व्हॅन, टेम्पो ट्रॅव्हलर यांची वायरिंग १२ व्होल्टची, मोठ्या बस-ट्रकची २४ ची. व्हॅनच्या मागच्या भागातली बॅटरी मात्र स्वतंत्र असते, ती तुम्ही २४ व्होल्टची करू शकता. तसं केलं की ११० चे ५५ अँपिअर होतात, केबल अर्ध्या जाडीची चालते, सगळंच थंड राहतं.

तरीही नवख्या माणसाला, फक्त मायक्रोवेव्ह हा एकच मोठा भार असेल तर, मी १२ व्होल्टच सुचवतो. व्हॅनचे दिवे, पाण्याचा पंप, पंखा, १२ व्होल्टचा फ्रिज हे सगळं थेट चालतं. अडचण आली तर म्हापशाच्या किंवा मडगावच्या कोणत्याही ऑटो-इलेक्ट्रिशियनला ते कळतं. मायक्रोवेव्हच्या जोडीला इंडक्शन शेगडी किंवा एसी येणार असेल, तर मात्र २४ चा विचार पहिल्याच दिवशी करा. नंतर बदलायचं म्हणजे सगळंच उपसावं लागतं.

पायरी ४: बॅटरी

घरच्या इन्व्हर्टरला असते ती १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी व्हॅनमध्ये टाकावी, असा सल्ला तुम्हाला चार ठिकाणी मिळेल. ती ओळखीची असते, कुठेही मिळते. पण तिच्यावरचे १५० एएच हे वीस तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबाने असतात, म्हणजे ताशी साडेसात अँपिअर. तिच्याकडून एकदम ११० मागितले की तिचे व्होल्ट झपकन खाली येतात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर कदाचित निभावेल. अर्धी असेल तर इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्ट १०.५ च्या जवळ येतात, आणि बहुतेक इन्व्हर्टर तिथेच स्वतःला बंद करतात. म्हणजे बॅटरीत चार्ज आहे, पण मायक्रोवेव्ह चालत नाही. अशा दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या तर काम होतं, पण आम्लासकट एकीचं वजन ५५-६० किलो. शिवाय ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते. माणसं झोपतात त्या बंद जागेत ती ठेवायला मी कुणालाच सांगणार नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट, दुकानात ज्याला एलएफपी म्हणतात, ती या कामासाठी उत्तम. भार आला तरी तिचे व्होल्ट फारसे ढळत नाहीत, वजन कमी, ८० टक्के वापरली तरी चालते. पण इथे एक अडचण आहे आणि ती जाहिरातीत दिसत नाही. बॅटरीच्या आत बीएमएस नावाचं सर्किट असतं. ठरलेल्या अँपिअरच्या वर गेलं की ते बॅटरीच बंद करतं. १०० एएचच्या पुष्कळ बॅटऱ्यांमध्ये ही मर्यादा १०० अँपिअर असते. आपल्याला हवेत ११०. म्हणजे नवीकोरी, महाग लिथियम बॅटरी आणि तरी मायक्रोवेव्ह लावला की सगळ्या व्हॅनमध्ये अंधार.

म्हणून दुकानात 'किती एएच' याच्या आधी 'बीएमएस सलग किती अँपिअर देतो' ते विचारा, आणि उत्तर कागदावर मागा. १२ व्होल्टला सलग १५० अँपिअर तरी हवेत, २०० असतील तर निवांत. साधारणपणे २०० एएचची एक बॅटरी, किंवा १०० एएचच्या सारख्या दोन समांतर, एवढ्याने काम होतं. 'पीक २०० अँपिअर, ५ सेकंद' अशा आकड्यावर भुलू नका. भात गरम व्हायला तीन मिनिटं लागतात.

गाडी सुरू करायच्या बॅटरीवर मायक्रोवेव्ह कधीच चालवू नका. इंजिन चालू ठेवूनही नाही. उभ्या गाडीत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र) पूर्ण जोर देत नाही, उरलेला भार त्या बॅटरीवर पडतो आणि सकाळी मोल्याच्या जंगलात गाडी ढकलायला माणसं शोधावी लागतात.

पायरी ५: केबल, लग, फ्यूज

या पायरीवर लोक पैसे वाचवतात आणि आगीचा धोकाही इथेच असतो. म्हणून जरा सविस्तर.

बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर दीड मीटर असेल, तर वीज जाऊन-येऊन तीन मीटर तांब्यातून फिरते. १६ चौरस मिमीच्या केबलमध्ये ११० अँपिअरला साधारण ०.३६ व्होल्ट गळतात आणि ४० वॅट केबल तापवण्यात जातात. ५० चौरस मिमीच्या केबलमध्ये हीच गळती ०.१२ व्होल्टच्या आसपास येते. आता बॅटरी पुढे आणि इन्व्हर्टर मागे, चार मीटरवर, असा विचार करा. १६ च्या केबलमध्ये जवळपास एक व्होल्ट रस्त्यातच संपतो. १२ व्होल्टच्या कारभारात एक व्होल्ट म्हणजे फार झालं.

त्यामुळे इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारीच बसवायचा. लांब न्यायचीच असेल तर २३० व्होल्टची वायर न्या, तिच्यात अँपिअर पाचच्या आसपास असतात. केबलची जाडी इन्व्हर्टरच्या पूर्ण क्षमतेवर ठरते, फक्त मायक्रोवेव्हवर नाही. १२ व्होल्टच्या २००० वॅटसाठी बहुतेक पुस्तिका ५० ते ७० चौरस मिमी सांगतात. दुकानात 'पन्नास स्क्वेअर', 'सत्तर स्क्वेअर' असं मागितलं की कळतं. बारीक तारांची लवचीक तांब्याची केबल घ्या, वेल्डिंग केबल असते तशी.

घेताना टोक सोलून बघा. ॲम्प्लिफायरसाठी मिळणाऱ्या काही जाड, स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारांवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. एक तार चाकूने हलकेच खरवडा. आतून पांढरी चमक दिसली तर ती परत करा. तांबं असेल तर आतूनही तांबूसच दिसतं.

लग हातोड्याने ठोकून किंवा पकडीने दाबून बसवू नका. हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीनने दाबून घ्या. ते जाड केबलची कामं करणाऱ्या वायरमनकडे असतं. नीट दाबलेला लग केबलवरून हाताने जोर लावून ओढला तरी केसभरही हलत नाही. वर गोंदाची हीट-श्रिंक नळी चढवा, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. किनाऱ्याजवळ महिनोन्‌महिने राहिलेल्या व्हॅनमध्ये उघड्या लगच्या कडेला हिरवट पूड धरलेली सहज दिसते. ती दिसली म्हणजे जोडाचा रोध वाढलाय आणि ११० अँपिअरला तो जोड तापणार. कथिलाचा लेप दिलेले लग घ्या, आणि जमलं तर केबलही तशीच, बोटींसाठी वापरतात ती. गोव्यात बोटींची कामं करणाऱ्यांकडे चौकशी केलीत तर ती मिळण्याची शक्यता जास्त.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरात हवा. इन्व्हर्टरजवळ लावून उपयोग नाही, कारण वाचवायची असते ती मधली केबल. फ्यूजचा आकार इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. १२ व्होल्टच्या २००० वॅटला तो सहसा २०० ते ३०० अँपिअरच्या दरम्यान येतो, आणि केबल त्या फ्यूजला पुरेशी असायलाच हवी. लिथियमसोबत क्लास-टी जातीचा फ्यूज लावा. शॉर्ट झालं तर लिथियम बॅटरी इतका प्रचंड करंट सोडते की साधा स्वस्त फ्यूज वितळूनही ठिणगी तोडू शकत नाही. फ्यूजनंतर हाताने बंद करता येईल असा एक जाड आयसोलेटर स्विच लावा.

पायरी ६: आता इन्व्हर्टर

प्युअर साईन वेव्हच घ्या, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा. यात तडजोड नको. बाजारात स्क्वेअर वेव्ह किंवा 'मॉडिफाइड' साईन वेव्हचे इन्व्हर्टर स्वस्त मिळतात आणि त्यावर दिवे-पंखे चालतातही. मायक्रोवेव्हचं गणित वेगळं आहे. त्याच्या आतला जड ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टच्या लाटेच्या शिखरावर, म्हणजे ३२५ व्होल्टवर, भरवसा ठेवून बांधलेला असतो. मॉडिफाइड लाटेला ते शिखर नसतं, आणि बॅटरी उतरली की असलेली उंचीही आणखी कमी होते. परिणाम असा की मायक्रोवेव्ह घुर्र-घुर्र आवाज करतो, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि पाच मिनिटांनी बाहेर काढलेला भात मधे थंडगारच असतो. वीज तेवढीच गेली, वेळ दुप्पट लागला.

आकार किती घ्यायचा? इनपुट १२०० वॅटच्या मायक्रोवेव्हला सलग २००० वॅटचा इन्व्हर्टर. १५०० वर चालणार नाही असं नाही, चांगल्या बनावटीचा असेल तर चालतो. पण मायक्रोवेव्ह सुरू होताना त्याचा ट्रान्सफॉर्मर क्षणभर कितीतरी जास्त ओढतो, आणि त्याच क्षणी फ्रिज किंवा चार्जर चालू असेल तर १५०० वाला हात टेकतो. ३००० चा घ्यायची गरज नाही. त्याची केबल आणखी जाड लागते आणि तो रिकामा असतानाही जास्त खातो.

खोक्यावरचा आकडा मात्र पारखून घ्या. काही कंपन्या २००० हा आकडा वॅटमध्ये नाही, व्हीएमध्ये (व्होल्ट-अँपिअरमध्ये) देतात. त्याच यंत्राची पुस्तिका उघडली तर २५ अंश तापमानाला १६०० वॅट असं असतं आणि ४० अंशांना त्याहूनही कमी. हे लपवलेलं नसतं, पण पान उलटून बघावं लागतं. काही स्वस्त इन्व्हर्टरवर तर ठळक आकडा क्षणभराच्या पीकचा असतो: '४०००' लिहिलेला, प्रत्यक्षात सलग २००० वॅटचा. दुकानात एकच प्रश्न विचारा: "४० अंशांना, सलग, किती वॅट?" पुस्तिकेत हे उत्तर नसेल तर दुसरा बघा.

४० अंश मी उगाच म्हणत नाही. एप्रिल-मे मध्ये पणजीत दुपारी उन्हात उभ्या व्हॅनच्या सीटखालच्या बंद कप्प्यात तापमान त्याच्या वरच जातं. इन्व्हर्टरभोवती पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडा, कप्प्याला खाली आणि वर अशा दोन जाळ्या ठेवा. पंखा हवा कुठून ओढतो ते बघा: मागच्या दाराच्या फटीजवळ बसवलेला इन्व्हर्टर किनाऱ्यावर दार उघडताच खारी हवाच ओढणार. त्याला आतल्या भिंतीवर जागा द्या. आणि सावली हवी म्हणून गाडी माडाखाली लावू नका. छतावर सोलर पॅनेल असेल तर एक नारळ पुरेसा आहे.

रिकामा असताना इन्व्हर्टर किती खातो, हा आकडा फार थोडे लोक विचारतात. २००० वॅटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, काहीही न जोडता, तरी तो १० ते २५ वॅट घेतो. २० धरले तर चोवीस तासांत ४८० वॅट-तास. वर आपण मायक्रोवेव्हचा दिवसाचा खर्च ३४० काढला होता! म्हणजे इन्व्हर्टर बंद करायला विसरलात तर तो मायक्रोवेव्हपेक्षा जास्त बॅटरी खाऊन बसतो. म्हणून लांबून बंद-चालू करता येईल असा रिमोट स्विच असलेलाच इन्व्हर्टर घ्या आणि तो स्विच ओट्याजवळ बसवा. गरम करायचं, बंद करायचं.

घरचा इन्व्हर्टर व्हॅनमध्ये लावला तर? तो प्रत्येक गावात दुरुस्त होतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण तो जड असतो, हादरे सोसण्यासाठी बांधलेला नसतो, १२ व्होल्टमधल्या नेहमीच्या ९०० किंवा ११०० व्हीएच्या मॉडेलना मायक्रोवेव्ह पेलत नाही आणि त्यांचं चार्जिंग बहुधा शिशाच्या बॅटरीसाठी जुळवलेलं असतं. त्याहून मोठा घ्यायला गेलात तर तो पुष्कळदा २४ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांचा निघतो. अनमोड किंवा चोर्ला घाटातली वळणं रोज घेणाऱ्या गाडीत मी तो ठेवणार नाही.

मायक्रोवेव्हचा प्लग बहुधा जाड पिनांचा, १६ अँपिअरचा असतो. ओट्याजवळचं सॉकेट, त्याची वायर आणि एमसीबी त्या मापाचे घ्या. ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर खुपसून चालवू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, कारण पत्र्याच्या गाडीत ओल्या पायांनी वावर असतो. मात्र काही इन्व्हर्टरचं न्यूट्रल अर्थला जोडलेलं नसतं, आणि तिथे नुसता आरसीसीबी लावून तो पडत नाही. न्यूट्रल-अर्थची जोडणी पुस्तिकेत परवानगी असेल तरच आणि जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

पायरी ७: बॅटरी भरायची कशी

थोडक्यात सांगतो, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. छतावर ४०० वॅटचं सोलर असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या स्वच्छ उन्हात मायक्रोवेव्हचा खर्च आरामात निघतो आणि फ्रिजलाही उरतं. जून ते सप्टेंबर मात्र त्यावर विसंबू नका. पावसाळ्यासाठी अल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर लावा. ३० अँपिअरचा असेल तर पणजी ते काणकोण या दोनेक तासांच्या प्रवासात ६० च्या आसपास अँपिअर-तास बॅटरीत जातात, म्हणजे मायक्रोवेव्हचे दोन दिवस. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट, चार्जरशिवाय जोडायची नाही. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो.

होमस्टेच्या अंगणात प्लग मिळाला तर तिथली लाइन आणि इन्व्हर्टरचं आउटपुट एकत्र येता कामा नये. मधे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच हवा, किंवा ही सोय आतच असलेला इन्व्हर्टर-चार्जर. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून भिंतीच्या सॉकेटमधून वीज उलटी सोडण्याचा 'जुगाड' कुणी सुचवला तर त्या माणसाकडून काम करून घेऊ नका. त्या उघड्या पिनांना हात लागून माणूस मरतो.

पायरी ८: निघण्याआधी घरीच चाचणी

पहिल्यांदा बॅटरी जोडताना लगला टक्‌कन ठिणगी उडते, कारण इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरतात. घाबरू नका, पण आयसोलेटर बंद ठेवूनच सगळे लग आवळा आणि पुस्तिकेत सांगितलं असेल तसं आधी ते कपॅसिटर रोधकातून (रेझिस्टरमधून) चार्ज करून मग स्विच टाका.

आता एका काचेच्या वाडग्यात मोजून एक लिटर पाणी घ्या. स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने तापमान बघा. आधी मायक्रोवेव्ह घरच्या विजेवर पूर्ण पॉवरला दोन मिनिटं चालवा, पाणी ढवळा, पुन्हा तापमान बघा. ७०० वॅटचा असेल तर तापमान १८ ते २० अंशांनी वाढायला हवं. मायक्रोवेव्ह थंड होऊ द्या, तेवढ्याच तापमानाचं नवं पाणी घ्या आणि हाच प्रयोग व्हॅनच्या इन्व्हर्टरवर करा. वाढ जवळपास तेवढीच आली तर इन्व्हर्टर प्रामाणिक आहे. १४-१५ वरच अडली तर वीज कुठेतरी कमी पडतेय.

कुठे, ते मल्टिमीटर सांगेल. मायक्रोवेव्ह चालू असताना आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट बघा, मग इन्व्हर्टरच्या टोकांवर. दोन्हींत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष केबल, लग किंवा फ्यूजच्या जोडात आहे. फरक नाही, पण बॅटरीवरच व्होल्ट ११.५ च्या खाली घसरतायत, तर बॅटरी लहान आहे किंवा नीट भरलेली नाही. दोन्ही ठीक असूनही पाणी तापत नसेल, तर इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूची तपासणी वायरमनकडून करून घ्या.

मग सलग पाच मिनिटं चालवा, आयसोलेटर बंद करा आणि प्रत्येक लगजवळ हाताची मागची बाजू न्या. केबल कोमट लागली तर हरकत नाही. एखादा लग बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागला तर तो कापून नवीन क्रिंप करून घ्या, नुसता नट आवळून सोडू नका. नट पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळले की त्यांच्यावर रंगीत मार्करने एक आडवी रेघ ओढून ठेवा, म्हणजे प्रवासात नट सैल झाला तर रेघ सरकलेली दिसेल. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळ्या रेघा एकदा बघा, पुढे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर.

निघताना काचेची थाळी काढून टॉवेलात गुंडाळा, दाराला पट्टा लावा. मायक्रोवेव्हच्या मागे आणि वर पुस्तिकेत सांगितलेली जागा मोकळी आहे ना, ते सामान भरून झाल्यावर पुन्हा बघा, कारण चादरी नेमक्या तिथेच कोंबल्या जातात. आणि मुख्य फ्यूजसारखाच एक जादा फ्यूज, त्याच्या मापाच्या पान्यासकट, फ्यूजच्या डब्याशेजारीच ठेवा. क्लास-टी फ्यूज रस्त्यावरच्या दुकानात मिळत नाही.